आंबोलीत दृश्य दिसत नसतं तेव्हा

पावसाळ्यात फोटो काढायला जातोय म्हटलं की हमखास एक प्रश्न येतो. कॅमेरा भिजत नाही का? भिजतो की. पण भिजणं ही त्यातली त्यात सोपी अडचण. छत्री, प्लास्टिक, सिलिका जेल असलं काही ना काही करून ती सांभाळता येते. अवघड गोष्ट निराळीच आहे. ज्या दृश्यासाठी घरातून निघालो, ते बहुतेक वेळा पावसाने झाकून टाकलेलं असतं. दरी, डोंगररांगा, खालचं कोकण, यातलं काही म्हणता काही दिसत नाही. यंदा जुलैत आंबोलीला गेलो तेव्हा हे पुरतं अंगवळणी पडलं.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, घाटाच्या अगदी माथ्यावर. उंची सातशे मीटरच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग पहिल्यांदा अडतात ते या कड्यालाच, म्हणून इथे वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या जवळजवळ दहापट. जायचं कधी, हे मी नक्षत्रं बघून ठरवतो. हवामान खात्याचा अंदाज चार-पाच दिवसांपलीकडे फारसा कामाला येत नाही आणि रजा तर महिनाभर आधी टाकावी लागते. मृगात बेडकांची धांदल असते पण पावसाचा भरवसा नसतो. आर्द्रा बरी. पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि मग सूर्य विसरायचा. ज्यांना निसर्गचित्रं हवीत, धुकं वर उचललं जाऊन मधेच उन्हाची तिरीप पडलेली हवी, त्यांनी सरळ ऑगस्ट उलटून जाऊ द्यावा. मला तरणा पाऊसच हवा होता.

कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरून एसटीने घाट चढता येतो. पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या आधीच सावकाश धावतात, त्यात सामान ओलं, म्हणून आम्ही दोघं मित्र गाडीनेच निघालो. निपाणीला महामार्ग सोडला की उत्तूर, आजरा करत रस्ता आंबोलीला जातो. या पट्ट्यात लावणी जोरात होती. आजरा म्हणजे घनसाळ भाताचा मुलूख. भौगोलिक मानांकन मिळालेला, शिजताना चार घरांना वास जाणारा तांदूळ. एका बांधाशी गाडी थांबवली. गुडघाभर चिखलात आठ-दहा बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी. एका म्हातारीच्या डोक्यावर मात्र खरंखुरं इरलं होतं. तिच्या पाठीचा कणा आणि इरल्याची कमान एकाच रेषेत आली होती.

कॅमेरा गाडीतच ठेवून आधी बांधावर गेलो आणि विचारलं. लांबून मोठी लेन्स लावून काढता आला असता, पण काम करणाऱ्या माणसाचा चोरून काढलेला फोटो मला बघवत नाही. ती म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "चिखलातलं फोटू कशाला वो काढतायसा? दिवाळीला या की, नवी लुगडी नेसून बसतो." सगळ्या हसल्या. मग तिनेच सांगितलं, काढायचाच तर तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी फेकताना काढा, ते बघण्यासारखं असतं. खरंच होतं. बांधावरचा पोरगा मूठ भिरकवायचा, मुळांना लागलेलं पाणी हवेत गोल फिरायचं आणि मूठ नेमकी बाईच्या हाताशी चिखलात पडायची. सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटरला पाण्याचा थेंबन् थेंब गोठला. साठाव्या भागाला मुठीची हिरवी रेघ उमटली आणि बाकी चिखल स्थिर राहिला. मला दुसरा आवडला, म्हातारीच्या नातवाला पहिला. दोन्ही त्याच्या मोबाइलवर पाठवून दिले.

आंबोलीत पोचल्यावर शिरस्त्याप्रमाणे कावळेसादला गेलो. तिथे कड्याच्या काठाला कठडा आहे. त्याच्या पलीकडे प्रचंड दरी आहे असं म्हणतात, आणि मी उन्हाळ्यात ती पाहिलेलीही आहे. या वेळी कठड्याच्या पलीकडे फक्त पांढरं. वारा मात्र जबर. पश्चिमेकडून येणारा वारा कड्यावर आदळून वरच्या दिशेला वळतो, आणि काठावरून पडणारी पाण्याची धार अर्ध्यातून उलटी फिरवून आपल्याच अंगावर आणून टाकतो. या उलट्या धबधब्याचा फोटो काढायचा म्हणजे लेन्सचं तोंड वाऱ्याकडे करणं आलं. शटर दाबेपर्यंत काचेवर थेंब. रुमालाने पुसलं, पुन्हा थेंब. शेजारी एक कुटुंब पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून सेल्फी काढत होतं आणि मुलगी आईला विचारत होती, "पॉइंट कुठंय?"

अशा धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. समोरचं सगळं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो चित्र काळवंडवतो आणि धुकं राखाडी, मळकट येतं. पाऊण ते एक स्टॉप (उजेड मोजायचं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून दिला की धुकं धुक्यासारखं दिसतं. ऑटोफोकसही तिथे पुढे-मागे चाचपडत बसतो, त्याला धरायला काही कडाच सापडत नाही. जवळच्या एखाद्या काळ्या खोडावर फोकस पकडून तो तसाच कायम ठेवायचा. हे सगळं केलं आणि तरीही जे आले ते फोटो कोणत्याही घाटाचे, कोणत्याही पावसाळ्यातले वाटावेत असे होते. धुक्यात अंधुक झाड. असे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत.

म्हणून मित्राला म्हटलं, आता हातभर अंतराच्या पलीकडे बघायचंच नाही. गमतीत म्हटलं होतं, पण पुढचा सगळा मुक्काम आम्ही तसाच काढला. दरीच्या कठड्यालगतच्या जांभ्या दगडावर शेवाळ होतं, शेवाळात बोटभर उंचीच्या कीटकभक्षी दवबिंदूच्या रोपट्या होत्या, पावसाचे थेंब आणि त्यांचे स्वतःचे चिकट थेंब शेजारी शेजारी. तेवढ्या चार इंचांत आमची दुपार गेली. ढगाळ उजेडाचा हा मोठा फायदा. सावल्या नाहीत, चकाकी नाही, अख्खं आकाशच एक मोठा मऊ दिवा. फक्त ओल्या पानांवर आकाशाचं पांढरं प्रतिबिंब पडून हिरवा रंग मरतो. त्याला पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, लेन्सपुढे लावायचा आणि फिरवत राहायचं, एका ठिकाणी हिरवा असा काही उघडतो की बटण दाबताना हात थरथरतो. उजेडाचा दीड-दोन स्टॉप तो खातो, हे गृहीत धरूनच बाकीचं जमवायचं.

साधनांबद्दल थोडं सांगतो, कारण यावर लोक फार पैसे घालवतात. कॅमेऱ्याला नि लेन्सला दोन्हीला रबरी सील असेल तर उत्तम. एकालाच असेल तर ते नसल्यात जमा धरावं. झूम करताना लांब होणारी लेन्स बाहेरची दमट हवा आत ओढते, तेव्हा भर पावसात झूमशी खेळू नये. महागडं रेन कव्हर माझ्याकडे आहे आणि ते बॅगेतच असतं. खरं काम केलं ते लांब दांड्याच्या काळ्या छत्रीने, आणि ती धरणाऱ्या मित्राने. लेन्सला हूड. पुसायला मायक्रोफायबरचं कापड एकदा भिजलं की नुसतं पाणी पसरवतं, म्हणून धुऊन धुऊन विरलेले सुती रुमाल, झिपच्या पिशवीत, भरपूर.

पाण्याइतकंच वाफेला जपावं लागतं. कावळेसादहून गारठून आलो नि टपरीत शिरलो. आत चुलीवर चहा, कढईत भजी, ओल्या माणसांची गर्दी. थंड लेन्स त्या उबदार दमट हवेत आली की काचेवर क्षणात वाफ धरते, आणि कधी कधी आतल्या भिंगांवरही. एसी लावलेल्या गाडीतून कोकणातल्या उकाड्यात उतरलं तरी हेच. उपाय एकच, बॅगेची चेन बंद ठेवून कॅमेरा आतल्या आत बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि तोवर भजी खायची. पुसून उपयोग नसतो, पुन्हा धरते.

घाटातला मुख्य धबधबा मी जवळपास सोडूनच दिला. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कणसं, भाजत्या मक्याचा धूर, गाड्यांतून वाजणारी गाणी. आम्ही आडवारी सकाळी गेलो तेव्हा माकडं आणि आम्हीच. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून सेकंद-दोन सेकंद शटर उघडं ठेवायची पद्धत आहे. पुराच्या पाण्याला ते शोभत नाही असं माझं मत. गढूळ लोंढा त्यात सपक ताकासारखा दिसतो. पंधराव्या, तिसाव्या भागाला पाण्याच्या जटा राहतात, त्याचा जोर कळतो. पायऱ्यांवर उभं राहिलं की पाण्याचा हादरा तळपायाला जाणवतो. तो चित्रात यायला हवा.

हिरण्यकेशीला गेलो तो कॅमेऱ्यासाठी नव्हे, माशासाठी. गुहेतून येणारं पाणी मंदिराच्या कुंडात पडतं आणि तिथून नदी सुरू होते. ती पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. म्हणजे आंबोलीच्या माथ्यावर एका अंगाला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जातो नि दुसऱ्या अंगाचा कड्यावरून उडी मारून अरबी समुद्रात. या कुंडात सोनेरी झाक असलेला एक छोटासा मासा राहतो, शिस्टुरा हिरण्यकेशी. 2020मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली आणि 2021मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पावसाने पाणी ढवळलेलं होतं, मासा काही दिसला नाही. पुजाऱ्यांशी गप्पा झाल्या, नमस्कार केला, निघालो.

आंबोली खरी उघडते ती अंधार पडल्यावर. जेवण उरकून गमबूट चढवले. गावातला एक माहीतगार मुलगा बरोबर घेतला होता. लहानपणापासून या रानात वाढलेला, बेडकांची शास्त्रीय नावं आम्हाला लाजवेल अशी पाठ. निघण्याआधी त्याने दोन अटी घातल्या. कशालाही हात लावायचा नाही, आणि तो म्हणेल तेव्हा टॉर्च बंद. "हात लावलास तर मी घरी जातलंय," असं तो हसत म्हणाला, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

रस्त्यालगतच्या डबक्याशी थांबलो. टॉर्च बंद. सुरुवातीला फक्त पाऊस ऐकू येतो. मग त्यामागून एकेक आवाज सुटा होत जातो. झुडपी बेडकांची टकटक, कुठे तरी खालून येणारं गुरगुरणं, रातकिडे. उजेड पडला की नर गप्प होतात, म्हणून अंधारात ते पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं, आवाजाची जागा हेरायची आणि मग टॉर्च लावायची. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबार ग्लायडिंग फ्रॉगची जोडी सापडली. मादी मोठी, नर तिच्या पाठीवर. अंगाचा पोपटी रंग आणि बोटांमधल्या पडद्यांचा शेंदरी. मादी मागच्या पायांनी अंगातून आलेला स्राव घुसळत होती आणि त्याचा पांढरा फेस पानांवर चढत होता. अंडी या फेसात राहतात. पुढे पिल्लं झाली की ती खाली पाण्यात पडतात, म्हणून फेसाचं घरटं बरोबर पाण्याच्या वर. एक पाय, मग दुसरा, मग थोडं थांबणं. त्या थांबण्यात तिच्या गळ्याची कातडी तेवढी हलायची.

रात्रीच्या पावसात फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला की लेन्ससमोर पडणारा प्रत्येक थेंब उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके येतात. फ्लॅश काढून बाजूला, हातभर लांब धरायचा, त्याच्यापुढे उजेड मऊ करणारं पांढरं डिफ्यूझर, आणि छत्री बेडकावर नव्हे तर कॅमेरा नि फ्लॅशवर. यात तीन हात लागतात. मित्राचे दोन, माझा एक, माझा दुसरा कॅमेऱ्यावर. नव्वद-शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असल्यावर फार जवळ जावं लागत नाही. मोजके फोटो घेतले आणि वाटाड्याने टॉर्च बंद करायला लावली. अंधारात ती घुसळण चालूच राहिली असणार.

पुढे एका वळणावर दिव्यांचा झगमगाट. आणखी एक गट, पाच-सहा कॅमेरे, एका चापड्याभोवती कोंडाळं करून. मलबारी चापडा विषारी आहे, पण एकाच फांदीवर तासन्‌तास भक्ष्याची वाट बघत निश्चल बसतो, म्हणून फोटोवाल्यांचा लाडका. हा तपकिरी-पिवळा होता, हिरवेही असतात. एक जण काडीने फांदी वळवून सापाचं तोंड आपल्याकडे आणायच्या खटपटीत होता, दुसरा समोरचं पान मोडत होता. आमच्या वाटाड्याने काडी काढून घेतली आणि मालवणीत जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गट निमूट पुढे गेला. तो चापडा आमच्याही फोटोत पानाआडूनच आहे, अर्धं तोंड दिसतं, आणि मला तो तसाच बरा वाटतो. ज्या पानाआड तो दबा धरून बसतो ते मोडून काढलेल्या सापाच्या फोटोत नुसता साप उरतो.

तोवर जळवा कामाला लागल्या होत्या. गमबुटाच्या काठावरून वर चढून गुडघ्याच्या मागे. त्यांना ओढू नये. कडेकडेने नख सरकवत सुटी करावी. रक्त मात्र बराच वेळ येत राहतं, कारण ते गोठू नये याची तजवीज तिने चावतानाच केलेली असते. मीठ, तंबाखू, डेटॉल सगळं लावून झालं. उत्तम उपाय म्हणजे गवतात उभं राहून गप्पा न मारणं.

आणि मग बुरशी. वाटाड्या आम्हाला दाट झाडीत घेऊन गेला, टॉर्च बंद करायला लावली आणि म्हणाला, आता काही बोलू नका. डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. मग जमिनीवर पडलेल्या एका कुजक्या फांदीवर फिकट उजेड दिसू लागला. डोळ्याला तो हिरवा नाही दिसत, राखाडी-पांढरा दिसतो, आणि रोखून बघितलं की नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की परत येतो. पाऊस सलग लागून लाकूड पुरतं भिजलं तरच ही बुरशी उजळते. दोन दिवसांची उघडीप मिळाली तर संपलं.

ट्रायपॉड चिखलात रोवला. फोकस टॉर्चच्या उजेडात पकडून घेतला, मग ऑटोफोकस बंद, टॉर्च बंद, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनक्षमता) 3200, आणि मिनिटभराचं शटर. त्या मिनिटभरात पानांवरून एक जरी थेंब फांदीवर पडला तर ती हलते आणि सगळं पुसट होतं. थेंब पडायचेच. मित्र छत्री घेऊन फांदीवर ओणवा उभा, वाटाड्या दुसऱ्या बाजूने स्वतःचा रेनकोट पसरून. आम्ही तिघंही श्वास रोखून, कारण आयपीसवर श्वासाची वाफ धरत होती. पहिले कितीतरी फोटो हललेले. मग एकदा जमलं. मागच्या पडद्यावर फांदीची प्रत्येक शीर, प्रत्येक फाटा लख्ख हिरवा. वाटाड्याने हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी पडद्यात डोकं घालून म्हणाला, "बेस इला हा!"

नंतर ऑरेंज अलर्ट आला, आणि तो दुपारपर्यंत रेड झाला. रेड म्हणजे चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता, आणि आंबोलीत हा आकडा कागदावर राहत नाही. अशा वेळी घाटात उतरायचं नाही, ओढ्यात पाय घालायचा नाही, कड्याखाली थांबायचं नाही. ओढा इथे शांत दिसत असला तरी वर कुठे काय कोसळतंय ते आपल्याला दिसत नसतं. पाणी अचानक गढूळ झालं की मागे फिरायचं. मुक्कामाच्या घराच्या पडवीत बसून राहिलो. वीज गेली होती. पागोळ्या तुटत नव्हत्या आणि पाठीमागे काळोखी आमराई, म्हणजे पाऊस दिसायला हवं ते सगळं तयार. पाऊस चित्रात दिसायचा तर मागे काळोख लागतो, नाहीतर धारा उमटतच नाहीत. घरमालकीणबाई विळीवर नारळ खोवत होत्या, त्यांच्यामागे पागोळ्यांचा पडदा. "बाहेर इतक्या लांब जातास, नि फोटो माझो काढतास?" असं म्हणत त्यांनी पदर सारखा केला. मुक्कामातला माणसाचा चांगला फोटो तोच.

घरी परतल्यावरचं काम कंटाळवाणं असतं, पण ते चुकवलं तर पुढच्या वर्षी लेन्समध्ये बुरशीचं जाळं दिसतं. ती मात्र उजळत नाही. सगळं सामान उघडून पंख्याखाली ठेवलं, बॅग रिकामी करून उन्हाअभावी इस्त्रीच्या टेबलावर पसरली. लेन्स हवाबंद डब्यात, बरोबर सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. चाळीस ते पन्नास टक्क्यांत काटा राहिला की निश्चिंत. सिलिका जेलचा रंग पालटला की कढईत मंद आचेवर भाजून घ्यायचं, पुन्हा वापरता येतं. ती कढई वेगळी ठेवलेली आहे, हे घरात दर वर्षी नव्याने सिद्ध करावं लागतं.

एक प्राणी राहिलाच. आंबोली टोड, शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना, 2009मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेला, नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्यांच्या यादीतला. जांभ्या कातळावर पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. जुलैपर्यंत त्याची ती लगबग आटोपलेली असते आणि त्या लगबगीच्याच दिवसांत रस्ते ओलांडताना तो गाड्यांखाली सापडतो. वाटाड्याने बजावलंय, मृगाच्या तोंडावर यायचं, गाडी गावाबाहेर लावायची आणि रात्री पायीच हिंडायचं. त्याच्याकडे पुढच्या जूनची खोली सांगून ठेवली आहे. तोवर पावसाळी वेळापत्रक लागलेलं नसेल, म्हणजे या खेपेला रेल्वेने जाता येईल.